भाषा रक्तातून येत नाही

(लोणावळ्याजवळच्या युवा शिबिरात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



काल रात्री जेवणानंतर आपल्यातल्या एका मुलीने मला एक प्रश्न विचारला. तिचे नाव सांगत नाही, पण तिच्या परवानगीने प्रश्न सांगतो. ती म्हणाली, "सर, प्रवेशाच्या अर्जात मातृभाषेचा रकाना होता. मी 'मराठी' लिहिलं. खिडकीतल्या माणसाने माझं नाव वाचलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, 'उर्दू लिहायचं होतं ना?' घरी येऊन सांगितलं, तर मामू म्हणाले, 'बरोबरच बोलला तो. आपली जबान उर्दूच.' आता सर, मला उर्दू वाचता येत नाही. दादीशी मी दखनी बोलते. भावाशी मराठी. नमाज अरबीत आणि अभ्यास इंग्रजीत. मग माझी खरी भाषा कोणती?"

आजच्या भाषणाचा विषय आहे 'माणूस बोलायला कसा लागला'. तिच्या प्रश्नाचा या विषयाशी काही संबंध नाही असे वाटेल. पण खिडकीतला तो माणूस आणि तिचे मामू, दोघांची समजूत एकच आहे: भाषा जन्माबरोबर, रक्तातून, धर्मातून येते. ही समजूत खरी आहे का, हे तपासायचे तर सुरुवातीपासूनच बघावे लागेल.

आज सकाळी आपण राजमाची पॉइंटला गेलो, तेव्हा माकडांनी आपल्या दोघांचे वडापाव पळवले. ती माकडे आपसात आवाज करत होती. कुत्रा दिसला की एका प्रकारे ओरडत होती, खाण्यावरून भांडताना वेगळ्या. मग तीही बोलतात का?

केनियातल्या अंबोसेलीच्या जंगलात व्हर्वेट जातीची माकडे आहेत. डोरोथी चेनी, रॉबर्ट सेफार्थ आणि पीटर मार्लर या शास्त्रज्ञांनी त्यांचा अभ्यास करून १९८० साली निष्कर्ष मांडले. बिबट्या दिसला की ही माकडे एक आवाज काढतात, गरुड दिसला की दुसरा, साप दिसला की तिसरा. शास्त्रज्ञांनी हे आवाज ध्वनिमुद्रित करून, समोर कोणताच शत्रू नसताना वाजवले. बिबट्याचा आवाज ऐकून माकडे झाडावर चढली, गरुडाचा ऐकून वर पाहू लागली, सापाचा ऐकून मागच्या पायांवर उभी राहून गवतात शोधू लागली. म्हणजे आवाजाला अर्थ होता. पण 'काल इथे बिबट्या आला होता' असे ते माकड सांगू शकत नाही. 'उद्या आला तर काय करायचे' हे विचारू शकत नाही. दोन आवाज जोडून तिसरी नवी गोष्ट आपल्यासारखी रचू शकत नाही. आपण मात्र मोजक्या ध्वनींतून हजारो शब्द आणि त्या शब्दांतून कधी कोणी न बोललेली वाक्ये रोज तयार करतो. समोर नसलेल्या, होऊन गेलेल्या, अजून न झालेल्या गोष्टींबद्दल बोलतो.

हे आपल्याला कसे जमले? पहिली गोष्ट शरीराची. घाईत जेवताना ठसका का लागतो? माणसाचा स्वरयंत्राचा भाग घशात खाली सरकलेला आहे, त्यामुळे अन्नाची आणि हवेची वाट एका ठिकाणी एकमेकींना छेदते. चिंपांझीचे स्वरयंत्र वर असते. आपल्या तान्ह्या बाळाचेही वरच असते आणि वाढीबरोबर खाली जाते. या रचनेमुळे घास अडकायचा धोका वाढला, पण तोंडात आणि घशात वेगवेगळे स्वर घडवायला जागा मिळाली.

पण सगळे काही घशात नाही. बहिरी माणसे हातांनी, चेहऱ्याने जी खुणांची भाषा बोलतात ती पूर्ण भाषा असते, तिला व्याकरण असते. तिच्यात आवाजाची गरजच नाही. म्हणजे भाषेचे मूळ घर मेंदू आहे. २००१ साली लंडनमधल्या एका कुटुंबाच्या अभ्यासातून फॉक्स-पी-टू नावाचे जनुक पुढे आले. त्या कुटुंबात तीन पिढ्यांतल्या निम्म्या माणसांना बोलताना तोंडाच्या हालचाली जुळवणे आणि वाक्ये रचणे अतिशय जड जात होते, आणि त्या सर्वांच्या या एका जनुकात बिघाड होता. वर्तमानपत्रांनी लगेच 'भाषेचे जनुक सापडले' असे मथळे दिले. ते काही खरे नाही. हे जनुक उंदरातही आहे, पक्ष्यांतही आहे. पण माणसात त्यात थोडासा बदल झालेला आहे, आणि २००७ साली कळले की तोच बदल निअँडरथल या आपल्या नामशेष झालेल्या भावकीतही होता. भाषेची क्षमता एका दिवसात, एका जनुकातून आलेली नाही. जुन्याच सामानातून, थोडे थोडे बदलत ती जुळत गेली.

कधी? हे सांगणे कठीण, कारण शब्दांचे जीवाश्म होत नाहीत. मोरोक्कोत जेबेल इरहूदला सापडलेल्या आपल्या जातीच्या माणसांच्या हाडांचे वय सुमारे ३ लाख वर्षे आहे. लेखन जेमतेम ५ हजार वर्षांचे. मधला सगळा काळ माणूस काय बोलत होता याचा एकही अक्षरी पुरावा नाही. या विषयावर इतक्या हवेतल्या गप्पा चालत की १८६६ साली पॅरिसच्या भाषाशास्त्र मंडळाने आपल्या नियमातच लिहिले, की भाषेच्या उगमावरचे निबंध स्वीकारले जाणार नाहीत.

आज त्या प्रश्नाकडे आडवाटेने जाता येते. आपल्याच पुणे जिल्ह्यात, जुन्नर तालुक्यात, कुकडी नदीकाठच्या बोरी गावी दगडी हातकुऱ्हाडी सापडल्या आहेत. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी तिथे काम केले आहे. असे हत्यार घडवायचे तर दगड कोणत्या कोनात धरायचा, घाव कुठे घालायचा, हे एकाने दुसऱ्याला शिकवावे लागते. २०१५ साली काही शास्त्रज्ञांनी आजच्या माणसांवर प्रयोग केला. काहींना नुसते तयार दगड दिले, काहींना घडवणारा दाखवला, काहींना खुणांनी शिकवले, काहींना बोलून. बोलून शिकवलेल्या गटांत कसब सगळ्यांत चांगले पुढे गेले. म्हणजे ज्या टोळीत समजावून सांगता येत होते, त्या टोळीची मुले तगण्याची शक्यता जास्त. भाषा अशी उपयोगातून वाढली असणार, असा हा विचार.

यावर शास्त्रज्ञांत वाद आहेत, आणि ते लपवण्याचे कारण नाही. नोम चॉम्स्की यांच्या मते वाक्यरचनेची मूळ क्षमता तुलनेने अचानक आली. स्टीव्हन पिंकर आणि पॉल ब्लूम यांनी १९९० साली मांडले की डोळा जसा नैसर्गिक निवडीतून हळूहळू घडला तशीच भाषा घडली. कोणी म्हणते आधी हातवारे, मग आवाज. पण एका बाबतीत वाद नाही: ही क्षमता सगळ्या माणसांना सारखी मिळाली आहे. लोणावळ्यात जन्मलेले बाळ जपानी घरात वाढवा, ते जपानी बोलेल. जपानी बाळ कार्ल्यात वाढवा, ते मावळी मराठीत भांडेल.

आपल्याकडे बाळ जन्मले की त्याच्या कानात अजान देतात. आपण म्हणतो, त्याच्या कानावर पडणारे पहिले शब्द ते. पण त्याच्या आधी, पोटात असतानाच्या शेवटच्या तीन महिन्यांत, ते आईचा आवाज ऐकत असते. २००९ साली फ्रेंच आणि जर्मन घरांतल्या, काही दिवसांच्या बाळांच्या रडण्याचा अभ्यास झाला. फ्रेंच बाळांचे रडणे बहुतेक वेळा चढत जाणारे, जर्मन बाळांचे उतरत जाणारे. त्यांच्या आयांच्या बोलण्याची लय तशीच असते. म्हणजे बाळ रिकाम्या कानाने येत नाही. पण कानात काय भरले आहे, ते त्याच्या रक्ताने ठरवलेले नसते, तर भोवतीच्या माणसांनी.

आता एक पाऊल पुढे जाऊ. क्षमता निसर्गाने दिली. पण मराठी, उर्दू, अरबी या भाषा निसर्गाने दिलेल्या नाहीत. त्या माणसांनी एकत्र राहून घडवल्या. आणि भाषा घडताना आपल्या काळात पाहिली गेली आहे. मध्य अमेरिकेतल्या निकाराग्वात १९७० च्या दशकाच्या अखेरीस बहिऱ्या मुलांच्या शाळा सुरू झाल्या. तोवर ही मुले आपापल्या घरी एकटी होती. एकत्र आल्यावर त्यांनी आपसात खुणा जुळवल्या, आणि नंतरच्या वर्षांत आलेल्या लहान मुलांनी त्या खुणांना व्याकरण दिले. कोणी शिकवले नव्हते. आज ती स्वतंत्र भाषा आहे.

इतके लांबही जायला नको. खंडाळ्याचा घाट उतरून अलिबागच्या पुढे गेलात की रेवदंड्याच्या खाडीपलीकडे कोर्लई आहे. चौलला पोर्तुगीजांची सत्ता होती, १७४० साली ती संपली. पण पोर्तुगीज आणि स्थानिक माणसांच्या सहवासातून तिथे एक नवी भाषा जन्मली होती, आणि कोर्लईच्या ख्रिस्ती वाडीत ती आजही हजारेक माणसे बोलतात. तिचे बहुतेक शब्द पोर्तुगीज वंशाचे, पण वाक्याची घडण मराठीच्या वळणाची, क्रियापद शेवटी. ते तिला 'नो लिंग' म्हणतात, म्हणजे 'आपली भाषा'. पोर्तुगालच्या माणसाला ती धड कळत नाही, आपल्यालाही नाही.

दखनी अशीच. अलाउद्दीन खलजीच्या स्वाऱ्यांपासून, आणि १३२७ च्या सुमारास महंमद तुघलकाने देवगिरीचे दौलताबाद केल्यापासून, दिल्लीकडची बोली घेऊन माणसे इथे आली. इथल्या बाजारात, छावणीत, दर्ग्यात, घरात ती मराठी, कन्नड, तेलुगूच्या शेजारी राहिली. आज तुमची दादी 'मैंच बोली', 'वोइच आया' म्हणते, तो 'च' आपल्या मराठीचा. 'नक्को' म्हणते, ते आपले 'नको'. दिल्लीच्या उर्दूत हे दोन्ही नाहीत. आणि ज्या अर्जावर खिडकीतल्या माणसाला 'मराठी' हा शब्द खटकला, तो 'अर्ज' हा शब्द मूळ अरबी. 'कागद' फारसीतून आला. 'हुकूम', 'वकील', 'बाजार' हे आता मराठीच आहेत. कोणाच्या घरातून काय बाहेर काढणार?

उद्या आपण कार्ल्याची लेणी पाहायला जाणार आहोत, म्हणून तिथल्या शिलालेखांबद्दल सांगतो. हे लेख सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे, ब्राह्मी लिपीत, प्राकृतात कोरलेले. मराठी ज्या प्राकृतांच्या कुळात वाढली, त्या कुळातली ती भाषा. चैत्याच्या दर्शनी भागातला एक लेख सांगतो, की वैजयंतीच्या, म्हणजे आजच्या कर्नाटकातल्या बनवासीच्या, भूतपाल नावाच्या सेठीने हे 'सेलघर' पूर्ण केले. सेल म्हणजे दगड. आणि घर म्हणजे घर! आपण रोज बोलतो तोच शब्द. 'सेठी' तर आपल्या प्रत्येक बाजारात शेठ होऊन बसला आहे. दुसऱ्या एका लेखात सातवाहन राजाची आज्ञा इथल्या अधिकाऱ्याला दिलेली आहे. त्यात प्रदेशाचे जे नाव येते ते 'मामाड' किंवा 'मामाल' असे वाचतात, आणि तेच आजचे मावळ, असे अभ्यासक मानतात.

आणखी एक गोष्ट उद्या नीट बघा. आतल्या अनेक खांबांवर दान देणाऱ्यांची नावे आहेत, त्यात धेनुकाकट गावचे 'यवन' आहेत. यवन म्हणजे मुळात ग्रीक, पुढे पश्चिमेकडून आलेला परदेशी. दामोदर धर्मानंद कोसंबी डेक्कन क्वीनने पुणे-मुंबई जा-ये करत. त्यांनी या लेखांवर बारकाईने काम केले, आणि धेनुकाकट म्हणजे कार्ल्याजवळचे देवघर असावे असे सुचवले. या यवनांनी आपले दान ग्रीकमध्ये नोंदवले नाही, इथल्या प्राकृतात नोंदवले. त्यांना कोणी खिडकीतून विचारले नसावे, की 'तुमची भाषा ग्रीक ना?'

आता एक अवघड मुद्दा. तुमच्यातल्या काहींच्या मनात सकाळपासून प्रश्न असेल: सर उत्क्रांतीबद्दल बोलत आहेत, मग हजरत आदम यांचे काय? कुरआनात तर अल्लाहने आदमला सगळ्या गोष्टींची नावे शिकवली असे आहे. हे ऐकून इमान धोक्यात येते का?

या प्रश्नाला हजार वर्षांपूर्वीच्या बगदादमध्ये लोक घाबरले नव्हते. तिथे भाषेच्या उगमावर उघड वाद चालत. एक पक्ष म्हणे, भाषा अल्लाहने शिकवली. दुसरा पक्ष, विशेषतः मुअतझिला विचारवंत, म्हणे, माणसांनी आपसात ठरवून नावे दिली. इब्न जिन्नी नावाचा मोठा व्याकरणकार होता, मोसुलचा, १००२ साली वारला. तो 'अल-खसाइस' या ग्रंथात हे दोन्ही पक्ष मांडतो. त्याचे उस्ताद अबू अली पहिल्या पक्षाचे होते. इब्न जिन्नी म्हणतो, त्या आयतीचा अर्थ असाही घेता येईल, की अल्लाहने आदमला नावे ठेवण्याची ताकद दिली. तो तिसरे मतही नोंदवतो, की वारा, गडगडाट, पाणी, गाढव, कावळा, घोडा यांच्या आवाजांवरून भाषा सुरू झाली असावी, आणि हे मत मानण्याजोगे आहे असेही सांगतो. शेवटी तो ठाम निकाल देत नाही. उस्तादांशी मतभेदाची जागा ठेवून विचार करत राहतो. या इब्न जिन्नीचा बाप ग्रीक गुलाम होता, आणि मुलगा अरबीचा इमाम ठरला.

अरबीचे पहिले मोठे व्याकरण लिहिणारा सीबवैह इराणी होता. चौदाव्या शतकात इब्न खलदून 'मुकद्दिमा'त हेच सांगतो: भाषा ही कारागिरीसारखी सवयीने येणारी गोष्ट आहे, अरब शुद्ध बोलतात ते जन्मजात नव्हे, तर ऐकून ऐकून, आणि सीबवैहसारखे परके लोक अरबांत वाढले म्हणून त्यांनाही ती तशीच आली. साडेसहाशे वर्षांपूर्वी एका मुस्लिम विद्वानाने म्हटले, भाषा रक्तातून येत नाही. आणि सूरह रूममध्ये माणसांच्या भाषांचे आणि रंगांचे वेगळेपण ही अल्लाहची निशाणी म्हटली आहे. एकाच भाषेला नव्हे, वेगळेपणाला.

उत्क्रांती ही गोष्ट हाडे, जनुके आणि प्रयोगांच्या आधारे तपासायची आहे. श्रद्धेचा प्रश्न ज्याने त्याने आपल्या मनाशी सोडवावा. पण न शिकताच नाकारू नका. २०२३ साली एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग गेला, तेव्हा अठराशेहून जास्त शास्त्रज्ञ आणि शिक्षकांनी निषेधाचे पत्र लिहिले. आपल्यातल्या काही घरांत मात्र 'बरे झाले' असे म्हटले गेले. मला ते योग्य वाटले नाही. ज्या विद्येने आपल्याला सांगितले की माणसामाणसात भाषेच्या क्षमतेचा फरक नाही, तीच विद्या आपल्या मुलांना मिळू नये, यात आपले काय भले आहे? वंशावरून माणसाला हलके ठरवणाऱ्यांविरुद्ध हाच तर आपला पुरावा आहे.

आता त्या मुलीचा प्रश्न. २०११ च्या जनगणनेत एक मातृभाषा आणि आणखी दोन येणाऱ्या भाषा नोंदवायची सोय होती. पुढची जनगणना २०२७ ची आहे. प्रगणक दारात येईल तेव्हा पुन्हा हाच रकाना समोर असेल. माझे सांगणे साधे आहे. जे खरे आहे ते सांगा. घरात मराठीत वाढलात तर 'मराठी' म्हणा, आणि नाव वाचून कोणी भुवई उंचावली तर उंचावू द्या. दखनी तुमच्या घरची बोली असेल तर 'दखनी' म्हणा, तिला अशुद्ध उर्दू म्हणून लपवू नका. कोकणातून आलेले असाल आणि घरात कोकणी बोलत असाल, तर तेच सांगा. उर्दू शिकायची असेल तर जरूर शिका, मोठी भाषा आहे, पण शिकायची म्हणून शिका; नाव मुसलमानी आहे म्हणून ती आपोआप आपली होत नाही आणि मराठी परकी होत नाही. मामूंना दुखवू नका. त्यांना इब्न खलदून ऐकवा.

आणि हाच नियम आपल्यालाही लागू आहे. या डोंगरात कातकरी राहतात. त्यांची बोली ऐकून आपलीच पोरे हसतात, मी पाहिले आहे. ज्याला खिडकीतल्या माणसाचा राग येतो, त्याने कातकरी मुलाच्या बोलीवर हसू नये.

शेवटी एकच गोष्ट सांगतो. मराठीत 'आम्ही' आणि 'आपण' असे दोन शब्द आहेत. 'आम्ही' म्हटले की ऐकणारा बाहेर राहतो, 'आपण' म्हटले की तो आत येतो. उर्दू-हिंदीत सहसा दोन्हींसाठी एकच 'हम' चालतो. मराठीतला हा फरक द्राविड भाषांच्या शेजारामुळे आला असे अनेक भाषाशास्त्रज्ञ मानतात. म्हणजे कानडी-तेलुगू शेजाऱ्यांच्या सोबतीने आपल्याला समोरच्याला आत घेणारा शब्द मिळाला. तुमच्या दादीचे 'अपन' ऐकून बघा, त्याच वळणाचे आहे. खिडकीतला माणूस 'तुमची भाषा' म्हणाला. मामू 'आपली जबान' म्हणाले, पण त्या 'आपली'त खिडकीतला माणूस नव्हता. तुम्ही 'आपली भाषा' म्हणाल तेव्हा त्यात दोघांनाही घ्या.

उद्या सकाळी साडेसातला कार्ल्याला निघायचे आहे. पायऱ्या बऱ्याच आहेत, पाणी सोबत घ्या. आणि दारातले ते 'घर' शोधा.